ब्लू बल्बचं सहावं गाणं

फोन अनोळखी नंबरवरून आला, म्हणून मी तो आधी दोनदा वाजून बंद होऊ दिला. हल्ली कोण कुठून काय विचारेल याचा भरवसा नाही. तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडे बाईमाणूस. नाव शबनम सांगितलं, रिसोडच्या सलीम पत्रेवाल्याची मुलगी. अब्बा दुकान बंद करताहेत, माळा रिकामा करताना तुमच्या गाण्याच्या पार्टीची पत्र्याची पेटी निघाली, तर अब्बा म्हणाले की मास्तरला बोलवा, त्याची वस्तू त्याच्या हातात देऊन टाकू. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि मग मनात पाल चुकचुकायला लागली.

अठ्ठावीस वर्षं हा माणूस माझ्याशी बोलला नव्हता. खरं सांगायचं तर मी त्याच्याशी बोललो नव्हतो. आणि आता अचानक माझी वस्तू? कोणती वस्तू? मी दोन दिवस आठवत बसलो. माझा वाजवायचा कॅसिओ मी पार्टी मोडली तेव्हाच वाशीमला घरी आणला होता, स्टँडसकट, स्टँडचे स्क्रू तपासून. बायको म्हणाली, जाऊन तर या, तो काय तुम्हाला खाणार आहे का. सव्वीस वर्षं शाळेच्या ऑफिसात कारकुनी केलेल्या माणसाचं अशा बोलण्यानं समाधान होत नाही. सही नसलेला अर्ज मी कधी घेतला नाही, आणि सही असलेल्या अर्जाची सही आधी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. आता निवृत्त झालो, पण डोळ्यांना ते कोण सांगणार?

गेलो शेवटी. एसटीनं गेलो, कारण जीपवाले "निघालीच" म्हणून तासभर बसवून ठेवतात. रिसोडला उतरलो तर सगळीकडे सोयाबीनचा वास. मार्केटाकडे जाणारे ट्रॅक्टर एकामागे एक उभे, ओलसर पोत्यांचा तो कच्चा, थोडा आंबूस वास नाकात बसतो आणि दिवसभर हलत नाही. स्टँडवरच एका कडेला उभं राहून पुण्यातल्या मुलीला आवाजी निरोप पाठवला, "पोचलो गं रिसोडले, बस वेळेवर होती." पाठवून झाल्यावर तो कानाला लावून पुन्हा ऐकला. ही माझी सवय आहे. आपण बोललो तेच गेलं ना, याची खात्री केलेली बरी. मुलगी यावरून फार हसते. पहिला फोन तर मी यापायीच बदलला होता, की त्यातून माझा आवाज बारीक जातो, नाकातून जातो. नव्या फोनमधूनही तसाच गेला. मुलगी म्हणाली, बाबा, तुमचा आवाज असाच आहे. मग हळूहळू सवय झाली.

पत्रेवाल्यांची गल्ली अजून तिथेच आहे, फक्त आवाज कमी झालाय. पूर्वी गल्लीच्या तोंडाशीच कानावर ठोक्यांचा मारा सुरू व्हायचा. दहा-बारा दुकानं, प्रत्येकात कोणी तरी पत्रा ठोकतंय, लग्नाच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, कंदिलाच्या टाक्या. त्यात सलीमचं दुकान डोळे मिटूनही सापडायचं, कारण तो ठेक्यात ठोकायचा. बाकीचे काम करायचे, हा वाजवायचा. नवसागर आणि वितळलेल्या कथलाचा झोंबरा वास त्याच्या बोटांना कायम असायचा. तो वाजवायचा त्या बेंजोच्या तारांनाही तोच वास यायचा.

आम्ही तिघं राजाभाऊंच्या ऑर्केस्ट्रात होतो. राजाभाऊ म्हणजे त्या काळी रिसोडपासून अनसिंगपर्यंत ज्याच्याशिवाय मोठ्या घरचं लग्न लागत नव्हतं असा गाणारा. पांढरे बूट, केसांना चमेलीचं तेल, हातात लाल रुमाल. त्यांच्या मागे आम्ही. सलीम बेंजोवर, किन्हीराजाचा धनू ढोलक आणि ऑक्टोपॅडवर, मी कॅसिओवर. कॅसिओवाला म्हणून मी मास्तर, बाकी शिकवण्याचा आणि माझा काही संबंध नव्हता. राजाभाऊंवर पांढरे लाइट असायचे. आमच्या डोक्यावर मात्र एकच बल्ब, त्यालाही निळा कागद गुंडाळलेला. पब्लिकनं पुढे पाहावं, मागे पाहायचं कारण नाही, असं त्यांचं म्हणणं. निळ्या उजेडात माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. ज्यांच्या घरच्या लग्नात सहा तास वाजवलं ते लोक दुसऱ्या दिवशी बाजारात आम्हाला ओळखत नसत, आणि खरं सांगतो, ते बरंच वाटायचं. किडेसुद्धा पांढऱ्या लाइटकडेच जायचे. आमच्याकडे एखादा चुकून यायचा.

त्या धंद्यात एक पद्धत होती, तिला "मागून देणे" म्हणायचे. राजाभाऊंचा गळा चौथ्या-पाचव्या गाण्याला बसायचा. उंच सूर आला की ते माइक तोंडाजवळ धरून मान मागे टाकायचे, ओठ हलवायचे, आणि आवाज सलीमचा यायचा. बेंजोच्या पाठीमागे काळ्या फडक्यात गुंडाळलेला एक माइक बांधलेला असायचा. सलीमला कोणाचाही आवाज काढता येत असे. राजाभाऊंचा तर हुबेहूब, शिवाय एसटीच्या कंडक्टरचा, मार्केटात लिलाव पुकारणाऱ्या अडत्याचा. माझं खोकणंसुद्धा तो असं खोकायचा की मलाच घसा धरल्यासारखा वाटे. सहा वर्षं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की ओठ एकाचे हलतात आणि गाणं दुसऱ्याच्या गळ्यातून येतं. लोक टाळ्या वाजवताहेत, राजाभाऊ वाकून घेताहेत, आणि सलीम खाली मान घालून तार पिळतोय. हे रोज पाहणाऱ्या माणसाचा आवाजावरचा विश्वास उडणारच. मी काही जगावेगळा नाही.

दुसरी एक सवय आमच्या हातांना लागली होती. गाण्याच्या सुरुवातीचं म्युझिक एकदा वाजवलं की राजाभाऊ गायला लागतील असं कधीच नसे. ते आधी सरपंचांना नमस्कार करत, नवरदेवाच्या मामाचं नाव घेत, कोणाला तरी डोळ्यांनी खुणावत. तोवर आम्ही तेच म्युझिक गोल गोल फिरवत राहायचं. दोन फेऱ्या, तीन फेऱ्या, कधी सहा. लाल रुमाल खांद्यावर पडला की समजायचं, आता.

आम्ही त्यांना का सोडलं ते मला आता नीट सांगता येणार नाही. तिघांना तीन कारणं आठवायची. पोळ्याच्या सुमारास सोडलं एवढं नक्की, कारण धनूच्या बैलांच्या शिंगांना लावलेला ताजा रंग माझ्या बाहीला लागला होता आणि तो डाग पुढे कधी निघाला नाही. त्या वर्षी जिकडेतिकडे नव्या पॉप गाण्यांच्या कॅसेटी होत्या. पानटपरीवर, रसवंतीवर, जीपमध्ये. नुसता गाणारा नव्हे, पुरा ग्रुप असायचा, कव्हरवर गॉगल लावून उभा. धनू म्हणाला, आपणही ग्रुप काढू. नाव सलीमनं ठेवलं, ब्लू बल्ब. ज्याच्याखाली उमेदीची सहा वर्षं गेली त्याचंच नाव. सलीमनं स्वतः एक पत्र्याची पेटी बनवली, ऑक्टोपॅड आणि वायरी ठेवायला, आणि तिच्यावर निळ्या ऑइलपेंटनं एक बल्ब काढला. बल्ब वांग्यासारखा दिसत होता. धनू त्याला वांगंच म्हणायचा.

तालीम सलीमच्या दुकानात, दुपारची, गिऱ्हाईक नसताना. कातरलेल्या पत्र्याचे तुकडे पायाला लागू नयेत म्हणून आम्ही पोतं अंथरायचो. धनू किन्हीराजाहून येताना कधी भुईमुगाच्या शेंगा आणायचा, कधी हरभऱ्याचे घाटे, आणि टरफलं ढोलकात जाऊ नयेत म्हणून तोंड फिरवून खायचा. सलीमची बायको आतून चहा पाठवायची, त्यात आल्यापेक्षा वेलदोडा जास्त. गाणी आमचीच होती. चांगली होती की नाही ते मी आजही सांगू शकत नाही. तेव्हा आम्हाला ती जगातली सगळ्यात चांगली वाटत होती, आणि मी आयुष्यात इतका बिनघोर कधीच नव्हतो.

पहिला कार्यक्रम अनसिंगच्या यात्रेत, संध्याकाळचा. आम्ही सामान लावलं, जिथे नेहमी लावायचो तिथेच, मागे. निळा बल्ब आम्हीच आमच्या हातानं टांगला. पुढे स्टँडचा माइक ठेवला. आणि म्युझिक सुरू केलं. एक फेरी झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. पब्लिक पुढच्या माइककडे पाहतंय, आम्हीही पुढच्या माइककडेच पाहतोय. कोणीच उठत नाही. कोणी उठायचं हे ठरलंच नव्हतं, म्हणजे ठरवायचं असतं हेच तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. गर्दीतून कोणी तरी विचारलं, गानारा कुठी गेला बावा? हशा झाला. माझी बोटं फिरतच होती. शेवटी सलीमनं बेंजोच्या लाकडावर नखी आपटली, टक, आणि त्याबरोबर धनूनं बसल्या जागेवरून गायला सुरुवात केली. अख्खा कार्यक्रम आम्ही तसाच केला, मागूनच, आणि लोक अख्खा वेळ रिकाम्या माइककडे पाहत बसले. सामान भरताना एक म्हातारे गृहस्थ फार आपुलकीनं विचारायला आले की मुख्य माणूस कधी येणार आहे.

तेव्हापासून लाल रुमालाच्या जागी ती टक आली. सलीमनं टक केल्याशिवाय आमचं गाणं सुरू होत नसे.

कॅसेट अकोल्याला झाली. स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना गाद्या आणि जुन्या गोधड्या खिळ्यांनी ठोकलेल्या. डांबराच्या गोळ्यांचा वास, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज टेपमध्ये येतो. घामानं कॅसिओच्या पट्ट्या निसटत होत्या. सहा गाणी. तीन धनूनं गायली, दोन सलीमनं. सहावं माझं. मी कधी गायलो नव्हतो, पण गाणं मी लिहिलं होतं आणि ते दोघं अडून बसले की तूच म्हण. "तुझ्या गावच्या फाट्यावर गाडी थांबत नाही गं" असं ते होतं. कोणासाठी लिहिलं होतं ते राहू द्या, ती आता मालेगावात सुखात आहे. मी डोळे मिटून एकदाच म्हटलं. संपलं आणि लाइट गेली. रेकॉर्डिंगवाला अंधारातून म्हणाला, घेतलं, चांगलं आहे. ऐकायला काही मिळालं नाही. मला सकाळी वाशीमला नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं, धनूच्या शेतात वेचणी चालू होती, म्हणून आम्ही दोघं निघालो. मिक्सिंगसाठी सलीम एकटा मागे राहिला, एक दिवस.

तो एक दिवस मी पुढे अठ्ठावीस वर्षं उलटसुलट करून पाहिला.

कॅसेटींचं खोकं एसटीच्या पार्सलनं आलं. नव्या कॅसेटीचा एक वास असतो, प्लॅस्टिक आणि छापील कागदाच्या गोंदाचा, तो मी आधी पोटभर घेतला. धनू यायचा होता. सलीमनं दुकानातल्या टेपमध्ये कॅसेट घातली. पाच गाणी झाली, आम्ही एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. सहावं लागलं. म्युझिकच्या चार फेऱ्या, आणि मग कोणी तरी भलताच माणूस गायला लागला. बारीक, चिरका, नाकातला आवाज. शब्द माझे, चाल माझी, आणि गळा कोणाचा कोण जाणे. माझ्या घरच्या टेपला रेकॉर्डचं बटणच नव्हतं. माझा आवाज मला ठाऊक होता तो आतून, डोक्यात घुमणारा, चांगला भरदार. मी सलीमकडे पाहिलं. तो मान डोलवत होता, खुशीत.

"हे कोन हाय?" मी विचारलं.

"कोन म्हंजे? तूच हाय."

"मले माहा आवाज मालूम नाई का, सलीम?"

तो आधी हसला, थट्टा वाटली त्याला. मग माझा चेहरा पाहून हसायचा थांबला. म्हणाला, "मास्तर, खुदा कसम, तुहाच आवाज हाय." मला ती शपथ जरा जास्तच लवकर आल्यासारखी वाटली. मी त्याला तोंडावर म्हणालो की तू मागून दिलंस. अकोल्याला एकटा राहिलास, माझं गाणं पुसून माझी नक्कल करून म्हटलंस, राजाभाऊंसाठी करायचास तसं. माझं गाणं पडलं होतं तर तसं सांगायचं. सलीम हातोडी उचलून एका पेटीचं झाकण ठोकायला लागला, आणि पहिल्यांदाच त्याच्या ठोक्यांना ठेका नव्हता.

धनूला मी वेगळं गाठून ऐकवलं. तो ऐकून म्हणाला की हा तर तुझाच आवाज आहे, बेस्ट आलाय. इथे दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. मी धनूला समजावलं. मला हा आवाज माझा वाटत नाही आणि तुला वाटतो, म्हणजे बाहेरच्याला फसवेल अशी पक्की नक्कल, आणि अशी नक्कल करणारा आपल्यात कोण आहे? राजाभाऊंच्या मागे सहा वर्षं कोण गात होतं? धनू शेतकरी माणूस, कागद-हिशेब मला जास्त कळतो असं तो मानायचा. बराच वेळ ढोलकाची दोरी ओढत बसला. मग म्हणाला, "थो करू शकते, हे मातर खरं हाय." त्या वाक्यावर ब्लू बल्ब संपला. मालेगावच्या कार्यक्रमाला तिघांपैकी कोणीच गेलं नाही. मला नोकरी लागली. कॅसेटी पेटीत राहिल्या, दोन-चार रिसोडच्या स्टँडवरच्या दुकानात गेल्या, त्यांचं काय झालं माहीत नाही. राजाभाऊंनाही पुढे डीजेवाल्यांनी घरी बसवलं.

चार वर्षांपूर्वी धनू गेला. किन्हीराजाला गेलो तेव्हा सलीम आला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला टेकून उभा, लांब, बोलावलेला नसलेल्या माणसासारखा. आजारपणात धनूच्या बायकोनं, सुमनवहिनीनं, विचारलं होतं म्हणे, सलीमभाऊंना कळवायचं का? धनू नको म्हणाला. हे वहिनींनी मला सांगितलं तेव्हा त्या हलक्या आवाजात बोलत नव्हत्या, आणि ट्रॉली काही तितकी लांब नव्हती.

तर आता मी त्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो. सलीम आत बसलेला, दाढी पांढरी, उजव्या हाताची दोन बोटं आखडलेली. पत्रा कापणाऱ्याच्या हाताचं शेवटी असंच होतं. त्यानं बसायला स्टूल सरकवलं, "येजो" नाही की "कसा हायस" नाही. शबनमनं चहा आणला. ती तिथल्याच शाळेत शिकवते, आईसारखी दिसते. चहात वेलदोडाच होता. मी कप हातात धरून दुकान न्याहाळत राहिलो. यांना नेमकं काय हवंय? पत्रे विकून झालेले, भिंतीवर नुसते खिळे, आणि मधोमध ती पेटी. वांग्याचा रंग उडालेला. पेटीवर जुना टेप ठेवलेला, त्याची वायर नवी घातलेली दिसत होती. म्हणजे तयारी करून बोलावलं होतं. मला बरं वाटलं, माझा संशय खरा होता म्हणून.

सलीमनं शबनमला नुसती मान हलवून सांगितलं. तिनं बटण दाबलं. कॅसेट सहाव्या गाण्यावर आणून ठेवलेलीच होती.

आधी खरखर. मग माझा कॅसिओ. किती कोवळा वाजत होता. एक फेरी. धनूची ढोलकी शिरली, आणि मी इतका वेळ जे नीट सांभाळून बसलो होतो ते जरा हललं. दुसरी फेरी. तिसरी. सलीमचं आखडलेलं बोट पेटीच्या झाकणावर येऊन थांबलं. चौथी फेरी संपता संपता टेपमध्ये अगदी बारीक टक झाली, आणि त्याच क्षणी त्याच्या बोटाचीही. ती टक मी कधी ऐकलीच नव्हती. त्या दिवशी मी गाणाऱ्याची वाट पाहत होतो, टकेची नाही.

मग आवाज आला. आणि मी तो ओळखला. दीड तासापूर्वी स्टँडवर कानाला लावून ऐकला होता तो. "पोचलो गं रिसोडले." तोच बारीकपणा, तसाच नाकातून, शब्दाचं शेवटचं अक्षर तसंच गिळलेलं. दर ओळीआधी घेतलेला तो छोटा श्वास, ज्याला मुलगी हसते. मी चहाचा कप खाली ठेवला. खरं सांगतो, तेव्हाही मी एकदा शोधून पाहिलं, कुठे काही फट सापडते का. पण माझा सगळा संशय एकाच गोष्टीवर उभा होता, की हा आवाज मला माझा वाटत नाही, आणि आता तो माझाच निघाला होता. शाळेत मी शेकडो सह्या पारखल्या. स्वतःची पुढे आली तेव्हा खोटी ठरवली. फार लाज वाटली. गाणं संपेपर्यंत मी मान वर केली नाही.

"सलीम," मी म्हणालो, "माहाच आवाज हाय."

शबनम टेप बंद करून आत निघून गेली. बाहेर कोणी तरी हातगाडी ढकलत गेलं, तिचं चाक कुरकुरत होतं.

"मले सांगून का फायदा?" सलीम म्हणाला. "मले तं मालूमच होतं. धनूले कोन सांगन?"

तो पुढे सावकाश बोलला, पेटीकडे पाहत. दुकान बंद केल्यावर तो मुलीकडे राहायला जाणार होता, तिथे पेटीला जागा नव्हती. भंगारात घालायला हात होईना, कारण आत माझं गाणं होतं. ते माझं होतं, मी घेऊन जावं, एवढंच त्याला हवं होतं. मी इतक्या शंका काढल्या, ही एक तेवढी काढली नव्हती.

"किन्हीराजाले येतं का?" मी विचारलं. "वहिनीसमोर सांगतो. तुह्यासमोर सांगतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर अर्जाखालच्या सहीकडे जसं पाहिलं तसंच, आणि घाई न करता. "आज?" "आज." "कॅसेट घ्या लागन." "घेऊ." मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि टोपी शोधायला लागला.

जीप शबनमनं ठरवून दिली. पेटी मी उचलली, टेप सलीमनं. ड्रायव्हरनं पुढचं दार उघडून धरलं होतं, एकानं पुढे बसा म्हणून. आम्ही दोघंही मागच्या दारानं चढलो. ड्रायव्हर जरा वेळ थांबला, मग त्यानं दार लावून घेतलं. किन्हीराजापर्यंत पुढची सीट रिकामीच होती. पेटी दोघांच्या मध्ये होती, खड्डा आला की दोघांचेही हात तिच्यावर जायचे.

उन्हं उतरताना पोचलो. सुमनवहिनी अंगणात सोयाबीन वाळवत होत्या. सलीमला पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. बाज टाकली, पाणी दिलं. भिंतीवर धनूचा फोटो, त्याखाली खुंटीला त्याची ढोलक, कापडात गुंडाळलेली. आम्ही बसलो. मी पाऊस कसा झाला विचारलं. मग पोरं कशी आहेत विचारलं. मग बोअरला पाणी किती आहे विचारलं. वहिनी उत्तरं देत राहिल्या, आणि मी तेच तेच फिरवत राहिलो, एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. समोरची माणसं वाट पाहत होती. पुढे दुसरं कोणी नव्हतं.

सलीमनं पेटीच्या झाकणावर बोट वाजवलं. टक.

"वहिनी," मी म्हणालो, "सलीमनं काहीच केलं नव्हतं."